बाणातला ण

विघ्नेशने बरणीभोवतीचा काळा कागद सोडवला आणि नववीच्या मुलींच्या घोळक्यातून एकदम "अय्या" असा आवाज उठला. लोणच्याची काचेची बरणी होती, तिच्यात मिठागरातलं खारं पाणी. दीड तासापूर्वी ते सगळीकडे सारखंच हिरवट होतं. आता कागदाला जिथे बोटभर रुंदीची उभी फट कापली होती, नेमकी तिथे काचेला आतून एक गडद हिरवी पट्टी उमटली होती, आणि बाकीचं पाणी ताकावरच्या निवळीइतकं फिकट पडलं होतं.

"फट खिडकीकडे होती," विघ्नेश म्हणाला. "उजेड तिथूनच आत येत होता. म्हणून सगळे तिथे जमले."

"सगळे म्हणजे कोण, सर?"

"बघा ना." त्याने सूक्ष्मदर्शकाकडे बोट केलं.

विघ्नेश वसईच्या एव्हरशाईन सिटीत राहणारा, ज्युनिअर कॉलेजात शिकवणारा तरुण मुलगा. याच शाळेत शिकलेला, म्हणून विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीला हक्काने बोलावला होता. मुलींचं बघून झाल्यावर त्याने हेलन टीचरांना पुढे केलं. हेलन टीचर पस्तीस वर्षं विज्ञान शिकवत आल्या होत्या आणि त्यांच्या निवृत्तीला आता दोन आठवडे राहिले होते. आता नव्याने काय बघायचं, अशा थाटात त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि भिंगाला डोळा लावला.

हिरवे ठिपके धावत होते. वाहत्या पाण्याबरोबर कचरा जातो तसे नव्हेत. प्रत्येक जण आपापला, स्वतःभोवती गिरक्या घेत.

"हे शैवाल आहे, टीचर. एकेक पेशी म्हणजे एकेक आख्खी वनस्पती," विघ्नेश सांगत होता. "पुढे केसासारख्या दोन शेपट्या असतात. आपण पोहताना दोन्ही हातांनी पाणी मागे लोटतो, तसं लोटतात. अंगावर एक लालसर ठिपका असतो, त्याला उजेड कळतो. गिरकी घेत जातात ना, म्हणून उजेड कुठल्या अंगाने येतोय ते त्यांना समजतं. आणि मग तिकडे निघतात."

"वनस्पती?" हेलन टीचरांनी भिंगातून डोळा न काढता विचारलं.

"वनस्पतीच. पुस्तकात आपलं लिहिलेलं असतं, वनस्पती जागा सोडत नाहीत म्हणून. यांनी पुस्तक वाचलेलं नाही."

मुली हसल्या. त्यांच्यातली एक, दोन वेण्या घातलेली, म्हणाली, "सर, माझ्या आईला माहीत होतं हे. तिनेच मला सांगितलं, सकाळी सातला जा आणि उगवतीकडच्या कडेचंच पाणी भर. म्हणाली, पाणी चालतं."

"पाणी चालतं!" दुसरीने तिला चिमटा काढला. "आणि धावतं पण का गं?"

हेलन टीचरांनी डोळा वर केला. कपाळावरचा चष्मा नाकावर आला, तो त्यांनी सावरला नाही.

"तुझी आई कोण?"

"मीरा. माहेरची पाटील. आजोबा मिठागरावर होते, धर्मा पाटील." मुलीचा चेहरा उजळला. "टीचर, ती तुमचीच स्टुडंट आहे. सत्त्याहत्तर साली आठवीत होती. मी तुम्हाला कधीपासून सांगणार होते, पण तुम्ही नववीला शिकवत नाही ना. आई नेहमी म्हणते, हेलन टीचरनी मला शुद्ध बोलायला शिकवलं. आजी आजारी पडली म्हणून तिची शाळा सुटली, नाहीतर तुम्ही तिला सायन्सला पाठवणार होता."

"तुझं नाव?"

"ऋतिका."

"छान," हेलन टीचर म्हणाल्या. त्यांनी टेबलावरचा काळा कागद उचलला आणि उगाचच त्याची घडी घातली.

मीरा धर्मा पाटील त्यांना आठवत होती. न आठवायला काय झालं? चोवीस वर्षांत ती पुसट झाली होती एवढंच. आता भिंगाखाली धरल्यासारखी स्वच्छ दिसायला लागली.

आठवी ब. धडा सजीवांच्या लक्षणांचा. फळ्यावर टीचरांच्या वळणदार अक्षरात दोन वाक्यं: प्राणी जागा बदलतात. वनस्पती जागा बदलत नाहीत. शेवटच्या बाकावरून एक हात वर झाला होता. मिठागराच्या वस्तीवरची ही काळीसावळी मुलगी एरवी तोंड उघडायची नाही.

"टीचर, आमचे मिठागरान हिरवा पानी हाय. ता चालतं. सकालचे उन्हाकरं जातं, न्..."

वर्ग खोखो हसला. पाणी चालतं म्हणे! हेलन टीचरही हसल्या, त्यांना थोडं हसू आलं हे खरंच होतं. पण त्यांच्या कानाला जे टोचलं ते वेगळंच होतं.

"पानी नाही. पाणी. बाणातला ण. म्हण."

"पानी."

"नळातला न नव्हे गं. बाणातला. जीभ वर वळव. पाणी."

"पानी."

टीचरांनी तिला बाकावर उभं केलं. ण आल्याशिवाय बसायचं नाही. मुलं मोजत होती. बारा, तेरा, चौदा. एकविसाव्या वेळेला त्या मुलीच्या तोंडून ण आला, पण तोवर तिच्या डोळ्यांतून धार लागली होती आणि तास संपल्याची घंटा झाली होती. 'न्' म्हणून ती कुठे थांबली होती, तिला पुढे काय सांगायचं होतं, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पोरांनी तिचं नाव 'चालतं पानी' ठेवलं. सहामाहीनंतर ती शाळेत आली नाही. मिठागरावरच्या पोरी अशाच मध्ये गळतात, म्हणून टीचरांनी हजेरीपटावर तिच्या नावावर लाल रेघ मारली आणि विषय संपवला. कुणाची आजी की आई आजारी पडल्याचं त्यांच्या कानावर आलं नव्हतं. तिला सायन्सला पाठवायचं तर त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

आणि हे सगळं केलं कुणी? गिरीजच्या वाडीत, केळीच्या बागेत वाढलेल्या हेलनने. घरात जी बोली बोलत ती तोंडात घेऊनच ती अठराव्या वर्षी शिक्षिकेच्या कोर्सला बाहेरगावी गेली होती. पहिल्याच रात्री जेवणाच्या पंगतीत तिने आमटी मागितली आणि आख्खं वसतिगृह हसून लोळलं. पुढचे सहा महिने ती आरशासमोर उभी राहून ण आणि ळ घोटत होती. घोटले, पक्के केले, आणि परत आल्यावर वसईतल्या पोरांच्या जिभा सरळ करायचं काम अंगावर घेतलं. लोक म्हणत, हेलन टीचरांच्या हाताखालून गेलेलं पोर पुण्याच्या पोरासारखं बोलतं. हे ऐकून त्यांना बरं वाटायचं. अगदी परवापर्यंत वाटत होतं.

रविवारी मिस्साच्या आधी त्या कुमसाराला गेल्या. जाळीपलीकडे फादर युजीन होते. ते वयाने त्यांच्यापेक्षा लहान, त्यांच्याच हाताखाली शिकलेले. हेलन टीचरांनी सगळं सांगितलं. पापाची कबुली द्यायची तर एरवी त्यांना आठवून आठवून चार गोष्टी गोळा कराव्या लागत. आज एकच होती.

"त्या पोरीला वाटतं, मी तिच्या आईचं भलं केलं," त्या म्हणाल्या. "ते कौतुक मला सहन होत नाही, फादर."

"मग आईकडे जा," फादर म्हणाले. "तिच्यापाशी बोला."

एवढंच ते म्हणाले. बाकीचं हेलन टीचरांनी स्वतःच ठरवलं. अपराध चाळीस पोरांसमोर केला होता. तो एका बाईच्या कानात पुटपुटून कसा फिटेल? शुक्रवारी प्रदर्शन होतं, आणि त्यातच त्यांचा निरोप समारंभ. सगळी शाळा, पालक, माजी विद्यार्थी, सगळे येणार होते. तिथेच मीराचा मान मीराला द्यायचा. हा विचार मनात आला तशी त्यांची छाती जरा हलकी झाली.

सातिवलीला प्लॅस्टिकच्या डब्यांची झाकणं बनवणारा एक लहान कारखाना होता. ऋतिकाने पत्ता दिला होता. हेलन टीचर रिक्षाने पोचल्या तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती आणि बायका गाळ्याबाहेर भिंतीच्या सावलीत डबे उघडून बसल्या होत्या. त्यांतली एक चटकन उठली. तिने हातातली भाकरी डब्यात टाकली, पदराला हात पुसले, आणि पाय जुळवून उभी राहिली. सदतीस वर्षांची बाई, पण उभी राहिली ती आठवीतल्यासारखी.

"टीचर! तुम्ही इतक्या उण्हात कशाला आलात?"

हेलन टीचरांना आधी वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"तुला भेटायला आले, मीरा."

"मला निरोप पाठवायचा. मी आले असते ना." मीराने एक खोकं पुढे ओढलं, ते पदराने पुसलं. "बसा. इथे सामाण फार पडलेलं असतं. पाणी देऊ?"

पाणी तिने बरोबर म्हटलं. बरोबर म्हणजे कसं, जरा जास्तच जोर देऊन, जीभ पार टाळूला नेऊन. आणि तो ण तिच्या बोलण्यात मग सगळीकडे सांडला होता. ऊण, सामाण, लहाणपण. आपण ण म्हणत नाही हीच आपली चूक, एवढंच तिला आठवीत समजलं होतं, म्हणून जिथे शंका येईल तिथे ती ण घालत आली होती. शेजारच्या बायकांशी ती क्षणापूर्वी मोकळी बोलत होती ते टीचरांनी रिक्षातून उतरताना ऐकलं होतं. हे असलं बोलणं फक्त टीचरांसाठी होतं.

हेलन टीचरांच्या उजव्या हाताची तर्जनी आपोआप वर उठली. पस्तीस वर्षांची सवय. ते बोट त्यांनी डाव्या हाताच्या मुठीत धरलं आणि मांडीवर दाबून ठेवलं. त्यांना इतकी लाज वाटली की मीराच्या तोंडाकडे बघवेना.

"ऋतिका हुशार आहे तुझी," त्या कशाबशा म्हणाल्या.

"लहाणपणापासूण." मीरा हसली. "तिला मी सांगते, तुझ्या आईला कोणी शिकवलं बघ. हेलन टीचरणी. ती मैत्रिणींना पण सांगते."

हीच वेळ होती. मीरा, मी तुझं वाटोळं केलं, एवढं म्हणायचं होतं. पण बाकीच्या बायका घास हातात धरून बघत होत्या, आत कुणीतरी मशीनचा खटका दाबून पाहत होतं, आणि शिवाय टीचरांनी मनात शुक्रवार ठरवून टाकला होता.

"शुक्रवारी शाळेत ये. प्रदर्शन आहे. ऋतिकाचा प्रयोग आहे, तुझ्या मिठागरातल्या पाण्याचा."

मीराचा चेहरा जरा बदलला. "मला काही बोलायचं नाही ना, टीचर?"

"नाही गं. तू नुसती ये."

"मग येईण. अर्धा दिवस रजा टाकीण. मी मागेच उभी राहीण."

टीचरांनी मान हलवली. रिक्षात बसल्यावर त्यांनी मुठीतलं बोट सोडलं. त्याच्यावर दाबाचा पांढरा वळ उठला होता.

भाषण त्यांनी चार वेळा लिहिलं. पहिल्या खेपेला रडू आलं. चौथ्या खेपेला वाक्यं चांगली वठली, 'मी तिचा ण ऐकला आणि तिचं निरीक्षण ऐकलं नाही' हे तर त्यांनी मोठ्याने दोनदा वाचून पाहिलं. आपल्याला हे आवडतंय, हे ध्यानात आल्यावर त्यांना त्याचीही लाज वाटली. पण वाक्य खोडलं नाही.

शुक्रवारी दुपारी हॉल भरला होता. एका बाजूला प्रयोगांची टेबलं, समोर खुर्च्या, व्यासपीठावर हार आणि शाल. व्हिडिओ शूटिंगवाला आला होता आणि त्याचा पोऱ्या नसल्यामुळे त्याने आपला हॅलोजनचा दिवा ऋतिकाच्या टेबलाशेजारच्या खांबालाच बांधला होता. विघ्नेश पाहुण्यांच्या मागे धावत होता. ऋतिका बरणीजवळ उभी. हिरवी पट्टी ठसठशीत उठली होती आणि येणाराजाणारा तिथे थबकत होता. मीरा कधी आली ते टीचरांना कळलं नाही. त्यांनी माइक हातात घेतला तेव्हा ती शेवटच्या रांगेमागे, दाराला चिकटून दिसली. ठेवणीतलं पातळ, केसांत अबोलीचा गजरा.

हेलन टीचरांनी कागद उलगडला. सुरुवातीचे आभार झाले. मग त्या म्हणाल्या, "आज माझं फार कौतुक झालं. पण या सभागृहात एक बाई आहे, तिच्याशी मी फार वाईट वागले."

टीचर बोलत गेल्या. आठवी ब, फळ्यावरची दोन वाक्यं, मागच्या बाकावरचा हात. काहीही लपवायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, म्हणून मुलीने काय म्हटलं ते त्यांनी तिच्याच शब्दांत सांगितलं. "हिरवा पानी हाय. ता चालतं."

मुलं हसली. वाईट हेतूने नव्हे, गोष्टीत गंमत आली की हसतात तशी. मोठी माणसंही हसली. शब्द मात्र तोच होता, आणि माइकवरून तो हॉलच्या कोपऱ्याकोपऱ्यात गेला.

टीचर थांबल्या नाहीत. बाकावर उभं केलं, एकवीस वेळा म्हणायला लावलं, पोरांनी नाव ठेवलं, सहामाहीनंतर तिने शाळा सोडली, हे सगळं त्यांनी सांगितलं. "माझ्यामुळे सोडली," त्या म्हणाल्या, आणि तो चांगला वठलेला भाग त्यांनी कागदाकडे न बघताच म्हटला. "ती बरोबर होती. मी चूक होते. मीरा, सगळ्यांसमोर तुझी क्षमा मागते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतल्या दोन शिक्षिकांनी डोळ्यांना रुमाल लावले. प्रमुख पाहुणे उठून म्हणाले, "कुठे आहेत त्या ताई? पुढे बोलवा, पुढे बोलवा!" माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी मीराला पाठीवर हात ठेवून पुढे आणलं. शूटिंगवाल्याने खांबावरच्या दिव्याचं तोंड वळवलं आणि तो पांढरा उजेड आधी टेबलावरून फिरला, मग मीराच्या तोंडावर येऊन थांबला.

ती बरणीशेजारीच उभी होती. तिने डोळे बारीक केले, पदराचं टोक ओठांशी नेलं आणि हसली. हेलन टीचरांना ते हसू ओळखीचं वाटेना. मग त्यांचं लक्ष ऋतिकाकडे गेलं.

ऋतिका टाळ्या वाजवत नव्हती. ती आईकडे बघत होती. दोन वेण्या, हातात प्रयोगाची माहिती सांगायची छडी, आणि डोळ्यांत असं काहीतरी, जणू एवढ्या गर्दीत आपली आई कोणती हेच तिला सापडत नव्हतं.

"दोन शब्द बोला, ताई."

माइक मीराच्या पुढ्यात आला. तिने टीचरांकडे पाहिलं. बोलायचं नाही ना, असं तिने सातिवलीला विचारलं होतं, आणि टीचर नाही म्हणाल्या होत्या.

"धन्यवाद," मीरा म्हणाली. आणखी काहीतरी म्हणायला तिने तोंड उघडलं, पण पहिलंच अक्षर तपासून पाहावं तशी ती थबकली, आणि मागे सरकून उजेडाच्या बाहेर गेली.

पाहुणे चहाला गेले. हॉल हळूहळू रिकामा झाला. लोक येऊन टीचरांचे हात हातात घेत होते. केवढा मोठेपणा म्हणायचा, असं दोन-तीन जण म्हणालेदेखील. टीचर त्यांना हो हो करत खांबाकडे निघाल्या. मायलेकींचा आवाज त्यांना तिथे पोचण्याआधीच ऐकू आला.

"म्हणजे आजी आजारी नव्हतीच?" ऋतिका विचारत होती.

मीराने पिशवी उचलून टेबलावर ठेवली.

"मग टीचर तुला सायन्सला पाठवणार होत्या ते? ते पण खोटं? मी सगळ्या वर्गाला सांगितलंय, आई. आता सगळ्यांनी ऐकलं." तिचा आवाज चिरकला. छडी टेबलावर टाकून ती दाराकडे निघून गेली आणि तिथे पाठमोरी उभी राहिली.

हेलन टीचर खांबाशीच थांबल्या. त्यांना आत्ता कळत होतं. चोवीस वर्षं एका बाईने लाजेच्या जागी एक बरी गोष्ट शिवून ठेवली होती, मुलीला दाखवायला. टीचरांचं कौतुक तिच्यात नुसतं अस्तराला होतं. ते त्यांना सोसवलं नाही, म्हणून त्यांनी चारशे माणसांपुढे ती गोष्ट टराटरा उसवली होती आणि वर टाळ्या घेतल्या होत्या. फादर म्हणाले होते, तिच्यापाशी बोला. पुरते दोन शब्द, तेही त्यांनी ऐकले नव्हते.

"मीरा," त्या म्हणाल्या. "मी... मला वाटलं..."

मीरा वळली. ती रागावलेली दिसत नव्हती. दिसली असती तर टीचरांना बरं वाटलं असतं. ती बरणीकडे बघत होती. टीचरांनीही पाहिलं. दिवा आता परत टेबलाकडे वळवून ठेवला होता, बरणीवर त्याचा झोत रखरखत होता, आणि हिरवी पट्टी गेली होती. फटीपाशी काच कोरी होती.

"बिघडला वाटतं प्रयोग," टीचर म्हणाल्या. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाल्या.

"बिघरला नाय," मीरा म्हणाली. तिने दिव्याचा खटका शोधला आणि बंद केला. मग बरणीच्या मागच्या बाजूचा काळा कागद बोटाने जरासा उचलून दाखवला. तिकडे, अंधाऱ्या अंगाला, सगळा हिरवा रंग काचेला बिलगून बसला होता.

हेलन टीचर वाकून बघू लागल्या.

"टीचर, तवा माजा बोलना अर्धाच र्‍हायला." मीराच्या आवाजात आता ण कुठेच नव्हता. ती गाळ्याबाहेरच्या बायकांशी बोलत होती तशी बोलत होती, हळू, न अडखळता. "सकालचे उन्हाकरं जातं, तवरा तुमी आयकला. न् ऊन जास्ती झाला का ता पानी मागं फिरतं. सावली बगतं. आमी ल्हान होतो तवा रोज बगायचो. ता सांगायचा होता."

टीचरांना तो 'न्' आठवला. चोवीस वर्षांपूर्वी वर्गात हवेत लोंबकळत राहिलेला. या वेळी त्या मध्ये बोलल्या नाहीत.

दारातून ऋतिकाने हाक मारली, "आई, चल." वळून न बघता.

"आले," मीरा म्हणाली. तिने पिशवी खांद्याला लावली, गजरा चाचपला.

हेलन टीचरांनी बरणीवर तळहात ठेवला. काच अजून गरम होती. "परत येईल का गं ते या बाजूला?" त्यांनी विचारलं. "फिरवून ठेवू का? खिडकीकडे?"

"येल, टीचर. वेल लागंल," मीरा म्हणाली. "पन आता बरनी हालवू नका."

हेलन टीचरांनी बरणीवरचा हात काढून घेतला.